हवा फुकट, पेट्रोल नाही

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: यांच्याकडे सात वर्षांची छोटी पेट्रोल गाडी आहे. इंजिन १.२ लिटरचं, चार सिलिंडरचं, बिनटर्बोचं. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर होतात, त्यातले बरेचसे हायवेवर, आणि ऍव्हरेज सोळाच्या आसपास मिळतं. मेहुण्याने नुकतीच १ लिटरची टर्बो गाडी घेतली. पिकअप दुप्पट आणि ऍव्हरेज वीस, असं तो सांगतो. गाड्यांचंच काम करणारा एक जुना मित्र दुसऱ्या गाडीतून काढलेला टर्बो यांच्या गाडीला बसवून द्यायला तयार आहे. त्याचं म्हणणं असं: "सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या वायूंवर टर्बो फिरतो, म्हणजे पॉवर फुकट. इंजिनाला जोर कमी लावावा लागेल, ऍव्हरेज दोनने तरी वाढेल." बायकोचं मत, चालती गाडी उघडू नका. खर्च दोन-तीन वर्षांत वसूल होईल का, असा प्रश्न आहे.

तुमच्या पत्रात तिघांची मतं आहेत आणि गंमत म्हणजे खोटं कोणीच बोलत नाही. मेहुण्याची गाडी कमी पेट्रोलमध्ये जास्त जोर देत असेल, ते शक्य आहे. टर्बो वाया जाणाऱ्या वायूंवर फिरतो हेही बरोबर. घोटाळा होतो तो या दोन गोष्टी एकत्र जोडताना. उत्तर आधीच सांगून टाकतो: ऍव्हरेज वाढणार नाही. आज चालवता तशीच गाडी चालवलीत तर आहे तेवढंच राहील किंवा थोडं उतरेल. नव्या पिकअपची मजा घ्यायला लागलात (आणि घ्याल, कोण घेत नाही?) तर चांगलंच उतरेल.

मित्राच्या "फुकट"पासून सुरुवात करू. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाची साधारण एक तृतीयांश ऊर्जा एक्झॉस्टवाटे बाहेर जाते. टर्बोचं एक चाक या वायूंच्या वाटेत बसतं आणि मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्या घेतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. इथपर्यंत मित्राचं सगळं बरोबर. पण एक्झॉस्टमधून काढून घेतलेली ती ऊर्जा गेली कुठे, हे त्याला विचारा. ती गाडीच्या चाकांपर्यंत पोचलीच नाही, हवा दाबण्यातच संपली. (एक्झॉस्टमधली ऊर्जा थेट क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याला, परत देणारी इंजिनं झाली आहेत. १९५०च्या दशकातल्या मोठ्या प्रवासी विमानांमधलं राइट आर-३३५० हे त्यातलं प्रसिद्ध. त्याची यंत्रणा वेगळीच होती, तुमच्या मित्राच्या हातात आहे तो टर्बो ते करत नाही.) आता सिलिंडरमध्ये जास्त हवा गेली की ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) पेट्रोलही त्या प्रमाणात जास्त सोडावं लागतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, हे प्रमाण टर्बो आला म्हणून बदलत नाही. टर्बोने अर्धा बार (बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण निम्मा) दाब वाढवला तर हवा जवळजवळ दीडपट, पेट्रोलही दीडपट, आणि जोर साधारण त्याच हिशेबाने. फुकट मिळाली ती हवा. जोर पेट्रोलमधूनच आला.

"इंजिनाला जोर कमी लावावा लागेल" हे वाक्य तर मला नेहमीच कोड्यात टाकतं. किती जोर लागणार हे रस्ता, वारा आणि गाडीचं वजन ठरवतात. टनभर वजनाची छोटी गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० ने चालायला दहा-अकरा हॉर्सपॉवरच्या आसपास मागते. टर्बो असो नसो, मागणी तेवढीच. तुमचं इंजिन ऐंशीच्या घरातली हॉर्सपॉवर देऊ शकत असेल, तर हायवेवर बहुतेक वेळ तुम्ही त्याचा सातवा-आठवा हिस्सा वापरता. आणि खरी गोष्ट इथेच दडली आहे.

एवढासाच जोर हवा असतो तेव्हा थ्रॉटलची झडप, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारं दार, जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन खाली जाताना हवा ओढायला बघतो आणि पुढे दार अर्धवट बंद. सिरिंजच्या तोंडावर बोट ठेवून दांडा मागे ओढून बघा, हाताला जे जाणवतं तेच काम चारही सिलिंडर मिनिटाला हजारो वेळा करत असतात, आणि त्या कामाचं पेट्रोल तुमच्याच टाकीतून जातं. शिवाय चार पिस्टनांचं, त्यांच्या रिंगांचं, बेअरिंगांचं घर्षण आहेच. दहा हॉर्सपॉवर काढा नाहीतर साठ, ते काही फारसं कमी होत नाही.

आता मेहुण्याची गाडी बघा. तिचं इंजिन लहान, तुमच्यापेक्षा एक सिलिंडर कमी (१ लिटरची टर्बो इंजिनं सहसा तीन सिलिंडरची असतात). तेवढेच दहा हॉर्सपॉवर द्यायला त्याला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो. म्हणजे ओढाताण कमी, घर्षणही कमी. वाचलेलं पेट्रोल इथलं आहे. फक्त असं छोटं इंजिन ओव्हरटेक करताना किंवा भरल्या गाडीने चढ चढताना धापा टाकेल, म्हणून त्याला टर्बो दिला. पेट्रोल वाचवतं ते इंजिनाचं लहानपण, टर्बो त्या लहानपणाची भरपाई करतो. २०१२ मध्ये फोर्डने १ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आणलं तेव्हाही हिशेब हाच होता: आधी १.६ लिटरचं साधं इंजिन जिथे बसत होतं, तिथे हे बसवायचं. तुम्ही मात्र १.२ लिटर तसंच ठेवून त्याच्यावर टर्बो चढवणार. म्हणजे भरपाई घेताय, पण ज्याची भरपाई ती गोष्ट केलेलीच नाही.

अजून पटत नसेल तर टोयोटा प्रियसकडे बघा. १९९७ पासून ज्या गाडीचं नावच कमी पेट्रोल खाण्यासाठी घेतलं जातं, तिच्या एकाही पिढीत टर्बो नाही. टर्बो आपल्या अंगच्या गुणाने पेट्रोल वाचवत असता तर तो त्यांनी सोडला असता का?

आता तोट्याची बाजू, जी मित्राने सांगितलेली दिसत नाही. दाबलेली हवा गरम होते, आणि गरम मिश्रण वेळेआधी आपोआप पेटून इंजिनात टकटक होते. नॉकिंग म्हणतात ते हेच, आणि जोरात सुरू झालं तर पिस्टन फोडतं. ते टाळायला टर्बो बसवताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, उतरवतात. तुमच्या इंजिनाचं ते बहुधा १० ते ११ च्या दरम्यान असेल. समजा १०.५ वरून ८.५ वर आणलं. पुस्तकी सूत्राने आदर्श इंजिनाची कार्यक्षमता ६१ टक्क्यांवरून साडेसत्तावन्नवर येते. खऱ्या इंजिनाचे आकडे याहून बरेच खाली असतात, पण घसरण त्याच दिशेने होते. आणि हा तोटा चोवीस तासांचा आहे. सिग्नलला उभे असताना, ताशी ५० ने जाताना, टर्बो झोपलेला असतानासुद्धा. कॉम्प्रेशन तसंच ठेवलं तर ठिणगी उशिरा पाडावी लागते, त्यातही कार्यक्षमता जाते, फक्त वाट वेगळी.

हे दुखणं जुनं आहे. १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो असलेली अगदी सुरुवातीची प्रवासी गाडी आली. तिच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.२५ इतकं चढं ठेवलं होतं आणि नॉकिंग थांबवायला पाणी आणि मिथाइल अल्कोहोल यांचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली होती. त्याची टाकी वेगळी आणि ती मालकाने भरत राहायची. माणसं भरायची विसरली. पुढे कितीतरी गाड्यांचे टर्बो कंपनीनेच काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. आजच्या कंपनीच्या टर्बो इंजिनांनी यावर उपाय काढलेत: पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारून आतली हवा गार करणं, मजबूत पिस्टन, हेडमध्येच पाण्याने गार होणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. मित्राच्या हातातल्या सुट्या टर्बोबरोबर यातलं काहीच येत नाही.

शिवाय टर्बो पूर्ण जोरात असताना एक्झॉस्टचं तापमान ९०० अंशांच्या पुढे जातं. ते आटोक्यात ठेवायला इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाजतात. १४.७ ऐवजी साडेबारा किलो हवेला एक किलो, म्हणजे सतरा-अठरा टक्के जादा. ते पेट्रोल गाडी ढकलत नाही, फक्त आतले भाग गार ठेवतं.

हे सगळं माझ्या शब्दावर मानू नका, तुमच्या गाडीलाच विचारा. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीची तपासणी करायच्या जोडणीत) लावायचा छोटा स्कॅनर मिळतो, मित्राकडे असेलच. त्यात इन्टेक मॅनिफोल्डचा (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब दाखवणारी ओळ असते, किलोपास्कलमध्ये. आधी इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा आणि आकडा टिपा. तो तुमच्याकडच्या बाहेरच्या हवेचा दाब, समुद्रसपाटीला शंभरच्या आसपास, उंचावर त्याहून कमी. मग गाडी सुरू करा. आयडलिंगला तो तीस-चाळीसवर येईल. आता नेहमीच्या रस्त्याने नेहमीसारखं जा, शेजारी बसलेल्याला आकडा बघायला सांगा. सपाट हायवेवर एका वेगात तो बहुधा पन्नास-साठच्या आसपास रेंगाळेल. चावी ऑन केल्यावर दिसलेल्या आकड्याजवळ तो फक्त तुम्ही ऍक्सिलरेटर तळापर्यंत दाबाल तेव्हा जाईल. टर्बोचं काम त्या आकड्याच्या वर सुरू होतं. प्रवासाचा जेवढा वेळ तुम्ही त्याच्या खाली आहात, तेवढा वेळ टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेतला अडथळा आणि बॉनेटखालचं जादा वजन. काही गाड्यांत दाबाऐवजी हवेचं वजन मोजणारा सेन्सर असतो. तिथे "कॅल्क्युलेटेड लोड"चा टक्का बघा, अर्थ साधारण तोच.

मेहुण्याच्या वीसबद्दलही एक शंका. ते त्याने मोजलं कसं? डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याच गाड्यांत थोडा गोड बोलतो. छोट्या टर्बो गाड्यांचे कागदावरचे आकडे तर पूर्वी फारच गोड असत. युरोपात २०१७ पर्यंत नव्या गाड्यांची जी चाचणी होती तिच्या शहरी भागात गाडीला ० ते ५० चा वेग गाठायला २६ सेकंद दिले जात. इतक्या सावकाश टर्बोला जाग कशाला येईल? खऱ्या रस्त्यावर, खऱ्या घाईत, तीच गाडी वेगळं वागते. मोजायचं तर टाकी ते टाकी: पंपाचं पाइप पहिल्यांदा आपोआप थांबेल तिथे थांबायचं, किलोमीटर टिपायचे, तीन-चारदा तसंच करायचं आणि मग सरासरी काढायची. दोघंही असं मोजा. फरक वीस आणि सोळाइतका राहणार नाही, असा माझा अंदाज आहे.

आता वसुलीचा हिशेब. मित्राचं म्हणणं शब्दशः खरं धरू. वर्षाला तेरा हजार किलोमीटर, सोळाच्या ऍव्हरेजने ८१२ लिटर. अठरा झालं तर ७२२. वर्षाला नव्वद लिटर वाचले, तीन वर्षांत २७०. पस्तीस लिटरच्या टाकीने जेमतेम आठ टाक्या. समोर खर्चाची बाजू मांडा: टर्बो, त्याचा मॅनिफोल्ड, दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर, पाइप, ऑइलची आणण्या-नेण्याची लाइन, मोठे इंजेक्टर, ईसीयूचं नवं मॅपिंग, कदाचित क्लच प्लेटसुद्धा, कारण जुनी जादा टॉर्कला घसरेल. वर नॉकिंगच्या भीतीने जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल, तेही प्रत्येक लिटरला. आठ टाक्यांत हे बसत नाही, आणि त्या आठ टाक्याही मुळात वाचणार नाहीत.

हे काम अर्धवट झालं तर काय होतं याचं एकच उदाहरण देतो. बिनटर्बोच्या गाडीतला दाबाचा सेन्सर साधारण बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच मोजतो. टर्बोने त्याच्या वर दाब नेला की सेन्सर शेवटच्या आकड्यावर अडकतो. ईसीयूला वाटतं हवा तेवढीच आहे, म्हणून ते पेट्रोलही तेवढंच सोडतं. आत हवा जास्त, पेट्रोल कमी, तापमान भडकतं आणि पिस्टनचा माथा वितळतो. सेन्सर आणि मॅपिंग दोन्ही बदलल्याशिवाय टर्बो बसवून देतो म्हणणाऱ्याला, तो कितीही जुना मित्र असला तरी, नमस्कार करावा. विमा आणि गाडीत बदल करण्याचे तुमच्याकडचे नियम हा आणखी एक विषय. विमा कंपनीला आधी लेखी विचारा.

तुमचं पत्र पुन्हा वाचताना मला एक जाणवलं. पिकअपचा उल्लेख तुम्ही ऍव्हरेजच्या आधी केलाय. तुम्हाला खरं तर मेहुण्याच्या गाडीसारखं सुटसुटीत ओव्हरटेक करायचंय का? तसं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. जोरासाठी टर्बो बसवणं हा शौक आहे, तो नीट पैसे आणि नीट कारागीर लावून करणारी माणसं आहेत, आणि त्यांना ऍव्हरेजचा बहाणा लागत नाही. पण सात वर्षांच्या रोजच्या गाडीवर मी तो करणार नाही. ओव्हरटेकच्या आधी एक गिअर खाली घ्या, इंजिन चार हजारांपर्यंत फिरू द्या. छोट्या बिनटर्बो इंजिनाचा जोर तिथेच असतो आणि बरीच मंडळी आवाजाला घाबरून तिथपर्यंत जातच नाहीत. दोन-तीन वर्षांनी गाडी बदलाल तेव्हा कंपनीतूनच टर्बो आलेली गाडी जरूर चालवून बघा.

ऍव्हरेजच हवं असेल तर मित्राच्या हाताला दुसरं काम द्या. तोच स्कॅनर लावून इंजिन तापल्यावर कूलंटचं तापमान बघायला सांगा. हायवेवरसुद्धा ते सत्तरच्या खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, इंजिन कायम थंड आणि पेट्रोल कायम जास्त. वीस-पंचवीस किलोमीटर फार ब्रेक न लावता चालवून आल्यावर चारही रिमजवळ हात न्या (डिस्कला हात लावू नका). एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून चालतोय. टायरमधली हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, गाडी थंड असताना. टपावर कॅरिअर असेल आणि वापर नसेल तर काढा. आणि सगळ्यात मोठा फरक तुमच्या उजव्या पायात आहे: ताशी १०० ला छोट्या गाडीला रोखणाऱ्या एकूण ताकदीत निम्म्याहून जास्त वाटा वाऱ्याचा असतो, आणि वेग १०० वरून ९० वर आणला की वाऱ्याचा विरोध एकोणीस टक्क्यांनी उतरतो. एक टाकी अशी चालवून मोजा. मित्राने कबूल केलेल्या दोनातला बराचसा हिस्सा इथेच सापडेल.

डिझेलवाल्यांनी हे उत्तर आपल्याला जसंच्या तसं लावू नये. डिझेल इंजिनात थ्रॉटलने हवा अडवून जोर कमी-जास्त करत नाहीत आणि जास्तीची हवा त्याला मानवते, त्यामुळे तिथे टर्बोचा हिशेब वेगळा आणि बराच फायद्याचा असतो. सुटा टर्बो आणून चढवण्याचे धोके मात्र तिथेही आहेत.

ज्यांच्याकडे आधीपासूनच छोटी टर्बो पेट्रोल गाडी आहे आणि कागदावरचं ऍव्हरेज मिळत नाही, त्यांनी ऍक्सिलरेटर हळू दाबून बघावा. टर्बोला जितकं कमी जागं कराल तितकं ते कागदाच्या जवळ जाईल. फक्त याचं दुसरं टोक गाठू नका. वरच्या गिअरमध्ये, पंधराशे आरपीएमच्या खाली, पाय तळापर्यंत दाबून गाडी ओढायला लावणं थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांना वाईट असतं. कमी फेऱ्यांवर मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटतं आणि एका झटक्यात पिस्टनला तडा जाऊ शकतो. अशा वेळी गिअर खाली घ्या. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या दर्जाचंच टाका, कारण अलीकडच्या दर्जांमध्ये या झटक्यापासून बचाव करण्याची चाचणीही असते. आणि लांब चढ चढून वर पोचलात की चावी लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलिंगला राहू द्या, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून कोळसा होणार नाही.